एसी बंद, वेळेची बोंब, पण शेवटचा तास वसूल : कोल्हापुरातला एक ड्रायव्हिंग क्लास

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कार शिकले. 21 दिवस, रोज अर्धा तास, साडेपाच हजार रुपये. गाडी जुनी, एसी नावालाच, आणि सकाळी सात म्हणजे सव्वासात. एकदा सर माझ्याच वेळेत वाट वाकडी करून दुसऱ्या मुलीला घ्यायला गेले, दहा मिनिटं गेली ती गेलीच. हे सरांना तोंडावर सांगून झालंय, म्हणून इथे क्लासचं नाव देत नाही.

शिकवणं मात्र चोख. हाफ क्लच जमेपर्यंत चढावरून हलू दिलं नाही.

सर पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते. शेवटच्या दिवशी रंकाळ्याजवळ गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. "ताई, समजा गाडीखाली माणूस गेला. काय सांगाल?"

"चुकून झालं म्हणेन."

"मग पाच वर्षं. मुद्दाम केलं असतं तर खूनच की!"

निष्काळजीपणानं माणूस मेला तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 304-अ कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं 106(1) कलम आलं आणि ती पाचांवर गेली. पण दारू पिऊन, काय होऊ शकतं हे ठाऊक असून चालवली तर प्रकरण सदोष मनुष्यवधावर जातं. असंच 2006 मध्ये मुंबईत कार्टर रोडच्या फूटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले होते, हायकोर्टानं तीन वर्षं केली आणि 2012 साली सुप्रीम कोर्टानं तीच कायम ठेवली. सात माणसं, तीन वर्षं. मी हिशोब करत बसले.

"आणि पळून जायचं नाही," सर म्हणाले. जानेवारी 2024 मध्ये पंपांवर रांगा लागल्या होत्या, तो ट्रकवाल्यांचा संप पळून जाणाऱ्याला दहा वर्षं देणाऱ्या पोटकलमावरून होता. बाकी कायदा लागू झाला तेव्हा ते तेवढं थांबवलं. तरी जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं मोटार वाहन कायद्यानं आधीपासूनच बंधनकारक आहे. जमाव अंगावर आला तर नेण्यातून सूट, हेही त्यातच लिहिलंय.

घरी येऊन सोळा वर्षांच्या चिरंजीवांना त्याच मोटार वाहन कायद्याचं 199-अ कलम ऐकवलं : पोरानं गाडी घालून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. पंचविशीपर्यंत लायसन्स मिळणार नाही म्हटल्यावर मात्र चेहरा पडला. स्कूटरची किल्ली सध्या माझ्या पर्समध्ये असते.

चार स्टार. एक एसीचा कापला.