टायट्रेशनची गणितं: नॉर्मॅलिटी की मोल?

बारावीची प्रॅक्टिकलं जवळ आली की फोंड्यातल्या माझ्या शिकवणीत हा प्रश्न हमखास येतो: "सर, एन१व्ही१ = एन२व्ही२ लावू, की मोल काढत बसू?" टायट्रेशन म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं. सूत्रातला एन म्हणजे नॉर्मॅलिटी, अभिक्रियेत भाग घेण्याच्या क्षमतेनुसार मोजलेली तीव्रता, आणि व्ही म्हणजे आकारमान; मोल म्हणजे पदार्थाच्या कणांची मोजणी.

मी स्वतः नॉर्मॅलिटीवर वाढलो, तिचं श्रेय नाकारणार नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि कॉस्टिक सोडा अशी सरळ जोडी असेल तर आकडे टाकायचे आणि उत्तर काढायचं. जेईई-नीटच्या पेपरात ते वाचलेलं अर्धं मिनिट कामी येतं.

माझं मन फिरलं ते परमँगनेटमुळे. बारावीत ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक ॲसिड पिपेटने २० मि.लि. घेतलं, पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम केलं आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडत गेलो. फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा ब्युरेटवर नेमके २०. दोन्हीकडे २०, म्हणून परमँगनेटही ०.०५ मोलर, असं वहीत लिहून मोकळा झालो. खरं उत्तर होतं ०.०२. नॉर्मॅलिटीच्या सूत्रात मी मोलॅरिटी घातली होती आणि उत्तर अडीच पट चुकूनही दिसायला स्वच्छ होतं. हीच गोष्ट मला आजही खटकते: ते सूत्र चूक दाखवतच नाही.

मोलने पाहा. ऑक्झॅलिक १ मिलिमोल. समीकरणात ५ ऑक्झॅलिकला २ परमँगनेट, म्हणजे ०.४ मिलिमोल, २० मि.लि.ने भागलं की ०.०२ मोलर. ५ आणि २ समोर लिहिलेले असतात.

मोलॅरिटीला ज्या आकड्याने गुणलं की नॉर्मॅलिटी मिळते तो एन-फॅक्टर नीट घेतला तर सूत्राचा काय दोष, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण एन-फॅक्टर अभिक्रियेवर ठरतो. परमँगनेटचा आम्लात ५, उदासीन माध्यमात ३. म्हणजे तीच ०.०२ मोलरची बाटली एकीकडे ०.१ नॉर्मल, दुसरीकडे ०.०६. सोडियम कार्बोनेटचा फिनॉल्फथॅलीन हा रंगदर्शक वापरला तर १, मिथिल ऑरेंज वापरला तर २. हे समजायला शेवटी समीकरण लिहावंच लागतं, मग वाचलं काय?

समजा, बाणस्तारीच्या बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांची १ ग्रॅम पूड ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या ५० मि.लि.मध्ये विरघळवली. ॲसिड २५ मिलिमोल. उरलेल्याला कॉस्टिक सोडा ६ मिलिमोल लागला. खर्च १९; एका कार्बोनेटला दोन ॲसिड, म्हणून त्याचं निम्मं ९.५ मिलिमोल कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे (मोलला १०० ग्रॅम धरून) ०.९५ ग्रॅम, ९५ टक्के. इथवर नॉर्मॅलिटीही पोचते, कदाचित एक पायरी आधीच. पण पुढे "कार्बन डायऑक्साइड किती सुटला?" असं विचारलं, तर मोलवाल्याच्या कागदावर ते ९.५ मिलिमोल आधीच असतात.

परीक्षा महिन्यावर आली असेल आणि हात नॉर्मॅलिटीवर बसला असेल, तर आता बदलू नये असं मला वाटतं. अकरावीच्या सुरुवातीला असाल तर मात्र मोलची वाट धरून पाहा. माझ्या भाचीला तेच सांगितलं. पहिले दोन आठवडे ती रेंगाळली. आता समीकरणातल्या ५ आणि २ भोवती गोल केल्याशिवाय ती ब्युरेटला हात लावत नाही.