ओपिऑइडचे व्यसन आणि मेंदूतील बक्षीसयंत्रणा : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूपासून मिळणाऱ्या किंवा तशाच कृत्रिम पदार्थांच्या, व्यसनात मेंदूतील बक्षीसयंत्रणेचे काय होते, एवढाच विषय घेऊन केलेला हा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम विषयाच्या मर्यादेमुळेच उपयुक्त झाला आहे. मॉर्फीन, हेरॉईन किंवा फेंटॅनिल म्यू ग्राहींना, म्हणजे चेतापेशींवरील अशा पदार्थांना जोडून घेणाऱ्या रेणूंना, चिकटतात, एवढे सांगून बहुतेक व्याख्याने थांबतात. येथे त्यापुढची पायरी येते : मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींवर एरवी गाबा हे क्रिया रोखणारे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अंकुश असतो, ओपिऑइड त्या अंकुश ठेवणाऱ्या पेशींनाच गप्प करतात आणि त्यामुळे न्यूक्लिअस अकम्बन्स या बक्षीसयंत्रणेतील भागात डोपामिनचा स्राव वाढतो. आकृती साधी आहे, निवेदनाला घाई नाही.

अभ्यासक्रमाचा सर्वांत सरस भाग म्हणजे शिकणाऱ्याला स्वतः करून पाहता येणारी चाचणी. मेंदूसंशोधक ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीवर ती बेतलेली आहे. पडद्यावर वर्तुळ दिसले तर पैसे मिळण्याची संधी, चौकोन दिसला तर गमावण्याची शक्यता आणि त्रिकोण दिसला तर यांपैकी काहीच नाही. त्यानंतर काही क्षण नुसते थांबायचे आणि लक्ष्य चमकताच, ते विझण्यापूर्वी, कळ दाबायची. निकाल कळण्याआधीच्या त्या थांबण्यात बोट कळीवर किती ताठर होते, हे अनुभवले की बक्षिसाची अपेक्षा आणि बक्षिसाची प्राप्ती या दोन अवस्थांची मोजणी संशोधक वेगवेगळी का करतात, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांचा धडा लगेच यानंतर ठेवला आहे, हेही योग्यच. तेथे डोपामिन पेशींचा प्रतिसाद रसाच्या थेंबाकडून, सरावानंतर, त्याची चाहूल देणाऱ्या खुणेकडे सरकतो.

इतकी चांगली पायाभरणी केल्यावर मेंदूच्या रंगीत प्रतिमांचा धडा मात्र निराश करतो. व्यसनी व्यक्तीची बक्षीसयंत्रणा 'मंदावलेली' असते, असे एकच विधान त्यात वारंवार येते. विविध पदार्थांच्या व्यसनांवरील अभ्यासांचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण याहून गुंतागुंतीचे चित्र दाखवते : अपेक्षेच्या काळात स्ट्रायटमची (न्यूक्लिअस अकम्बन्स ज्यात येते त्या भागाची) क्रिया कमी, तर बक्षीस हाती आल्यावर त्याच्या खालच्या भागातील क्रिया अधिक. अवस्थांचा जो भेद चाचणीतून इतका उत्तम पोहोचवला, तोच येथे पुसला जातो.

दुसरी उणीव पद्धतीची आहे. या प्रतिमा चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाहीत, तर रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून तिचा अंदाज बांधतात. ओपिऑइडने श्वसन मंदावते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह बदलतो. म्हणजे जो संकेत वाचायचा, त्यालाच औषधाचा स्पर्श झालेला असतो. शिवाय सहभागी व्यक्ती उपचार म्हणून मेथाडोन हे ओपिऑइडच असलेले औषध घेत असेल, तर दिसलेला फरक व्यसनाचा मानायचा की त्या औषधाचा? हा प्रश्न कोठेच विचारलेला नाही. (निवेदक प्रतिमांच्या रंगसंगतीवर मात्र बराच वेळ घालवतात.)

उपचारांचा धडा धावता आहे. ब्युप्रेनॉर्फिन त्याच म्यू ग्राहींना अंशतः चालना देते आणि नाल्ट्रेक्सोन त्यांना अडवून धरते, एवढे त्यातून कळते. समुपदेशन करणाऱ्यांना ते अपुरे पडेल. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबीयांना मात्र हा अभ्यासक्रम अवश्य सुचवावा, फक्त प्रतिमांचा धडा सावधपणे पाहावा.

प्रश्नसंचही सुधारायला हवा. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, ही रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांची मांडणी अभ्यासक्रमातच सविस्तर शिकवलेली असून व्यसन वाढताना आवड ओसरली तरी ओढ कशी वाढते, हेही तेथे स्पष्ट केले आहे. तरीही शेवटच्या चाचणीत 'डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन' हा पर्याय बरोबर धरला जातो आणि तो न निवडणाऱ्याचा गुण कापला जातो.