तीन दात, चौदा महिने: कंपोझिट बाँडिंगचा माझा अनुभव

माझं बाँडिंग, म्हणजे दाताच्या रंगाचा रेझिनचा मसाला (कंपोझिट) दातावर चिकटवून त्याचा आकार नीट करणं, झालं त्याला या आठवड्यात चौदा महिने झाले. करायच्या आधी मी या विषयावर जे काही वाचलं ते सगळं पहिल्या आठ दिवसांतल्या आनंदाचं होतं. खुर्चीतून उठले, आरसा पाहिला, डोळ्यांत पाणी आलं वगैरे. माझ्याही आलं. पण हळद, चहा आणि आपल्या वाईट सवयी त्या दातांचं काय करतात हे कळायला वर्ष जावं लागतं. म्हणून आत्ता लिहितेय.

माझी दुखणी चार होती आणि ती तीन दातांत मावली होती. समोरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये दोन मिलिमीटरची फट. त्यातल्या डाव्या दाताचा कोपऱ्यातला टवका उडालेला. त्याच्या शेजारचा दात जन्मतःच खुंटीएवढा, टोकाकडे निमुळता. आणि दोन्ही पटाशींवर तपकिरी-पांढरे डाग.

डागांचं कारण गावाकडे आहे. मी मूळची पांढरकवड्याकडची. यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या शाळेजवळच्या हातपंपाला ‘हे पाणी पिऊ नका’ म्हणून लाल रंग फासला तेव्हा मी सातवीत होते. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, कारण एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, तयार होतं ते वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे दात तसेच होते, त्यामुळे गावात कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती नागपूरला शिकायला आल्यावर, हॉस्टेलच्या पहिल्या ग्रुप फोटोत.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका चकचकीत दवाखान्यात गेले होते, नाव घेत नाही. तिथं दहा मिनिटांत आठ व्हिनियरचं, म्हणजे दातांवर पुढून चिकटवायच्या पातळ कवचांचं, कोटेशन हातात पडलं. आठ दात पुढून घासायचे, त्यातले पाच चांगले! मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही एवढं मला कळतं. कोटेशन घरी आणून गॅसच्या बिलांखाली ठेवलं आणि विषय संपला.

मग सहकारी मॅडमच्या ओळखीनं आत्ताच्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी आधी ओठ वर ओढून धरला आणि दोन दातांमधली हिरडी पांढरी पडते का ते पाहिलं. ओठाला हिरडीशी जोडणारी शीर दातांच्या मधोमध खाली उतरलेली असली तर फट तिच्यामुळे असू शकते. मग हिरड्यांची खोली मोजली, एक्स-रे काढला. हिरडीच्या आजारानं दात सरकून फट पडली असेल तर ती नुसती बुजवणं म्हणजे ओल्या भिंतीवर पुट्टी मारणं, असं त्या म्हणाल्या. माझ्या हिरड्या बऱ्या निघाल्या. त्यांचा हिशेब साधा होता: फट, टवका आणि खुंटी या तिन्हींना बाँडिंग बरोबर, डागांना अर्धवट. हे त्यांनी आधीच सांगितलं, त्यामुळे पुढं भांडण झालं नाही.

डागांवरचं काम सगळ्यात आधी केलं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि खरखरीत भुकटी यांचा लेप लावून वरचा अगदी पातळ थर घासून काढला, त्यानं तपकिरी रंग बराच फिका झाला. मग घरी रात्री ट्रे घालून दोन आठवडे ब्लीचिंग. पहिल्या चार दिवसांत पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसायला लागले आणि मी घाबरून फोन केला. ‘थांबा, बाकीचा दात उजळला की फरक कमी होतो,’ म्हणाल्या. झाला. त्यानंतर पुन्हा दोन आठवडे नुसतं थांबायचं, कारण ब्लीचिंगचा ऑक्सिजन दातात उरलेला असतो आणि तो रेझिनला नीट चिकटू देत नाही. शिवाय कंपोझिट ब्लीच होत नाही. दात आधी उजळायचे आणि मग त्या रंगाला मसाला जुळवायचा. उलटा क्रम चालत नाही. हे ज्यांना कुणी सांगितलं नाही अशा दोघीजणी मला माहीत आहेत.

मुख्य दिवशी रंग जुळवणं पहिलं, तेही खिडकीपाशी, तोंड जास्त वेळ उघडं ठेवायच्या आत. दात कोरडा पडला की पांढरट दिसतो आणि मग रंग चुकतो. शेड गाइडवर, म्हणजे रंगांच्या नमुना-दातांवर, भागलं नाही म्हणून त्यांनी खऱ्या दातावरच मसाल्याचे दोन ठिपके टेकवले, दिव्यानं कडक केले, मला आरशात दाखवले आणि टोचणीनं टुक्कन उडवले. आम्ल लावलेलं नसलं की चिकटत नाही ना.

मग रबराचा पडदा, शेजारच्या दातांना पांढरी टेप. नळ बसवताना आट्यांना गुंडाळतात तीच, टेफ्लॉन. आणि ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल. इथं माझे कान टवकारले. १९५५ मध्ये बुनोकोर नावाच्या अमेरिकन संशोधकानं हेच आम्ल दाताला लावून पाहिलं होतं. पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरतात, त्यावरून त्याला सुचलं. आम्लानं एनॅमलला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, त्यात पातळ रेझिन शिरतं आणि कडक झालं की मुळासारखं धरून बसतं. फ्लोराइडवालं एनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून माझ्या पटाशींवर जेल जास्त वेळ ठेवली. धुऊन वाळवल्यावर दात खडूसारखा दिसला पाहिजे. दिसला.

त्यानंतर थरावर थर. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, कारण निळा प्रकाश त्याहून खोल नीट पोचत नाही. त्या प्रकाशानं जागं होणारं रसायन कॅम्फरक्विनोन, आपल्या कापराच्या घराण्यातलं, हे मी खुर्चीत पडल्या पडल्या सांगायचा प्रयत्न केला. तोंडात रबर असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. इंजेक्शन नाही, दुखलं नाही, पण सव्वातीन तासांनी जबडा भरून आला होता.

आता निकाल.

फट पैकीच्या पैकी. दोन्ही दात एकेक मिलिमीटर रुंद केले की ते चौकोनी पाटासारखे दिसतात, म्हणून डॉक्टरांनी लांबीही किंचित वाढवली. रुंदी लांबीच्या पाऊणपट ते ऐंशी टक्के असली की डोळ्यांना बरी वाटते म्हणे. पहिले दहा दिवस ‘स’ म्हणताना शीळ वाजायची. बारावीच्या वर्गात ‘सल्फ्युरिक’ म्हटलं आणि मागच्या बाकांवर खुसफुस झाली. जीभ आपोआप शिकली. दुसऱ्याच आठवड्यात फ्लॉस डाव्या बाजूला अडकून फाटायला लागला. असं झालं तर गप्प बसू नका, तिथं मसाल्याची कड बाहेर आलेली असते आणि तिच्याखाली हिरडी सुजते. पाच मिनिटांत घासून दिली, पैसे घेतले नाहीत.

खुंटीचा दात तर आता कुठला होता हे मलाच आठवावं लागतं.

टवक्यावर लावलेला मसाला मात्र चौथ्या महिन्यात उडाला, आणि दोष माझा. मला शिवणाची आवड आहे आणि दोरा दातानं तोडायची वीस वर्षांची सवय. मुळात तो कोपरा तिथंच झिजून उडाला होता! डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ब्लाउजची काजं करताना हात नकळत तोंडाकडे गेला, आणि जिभेवर खड्यासारखं काहीतरी आलं. नखाच्या टोकाएवढा तुकडा. मी तो डबीत घालून दवाखान्यात नेला, जणू परत चिकटवणार आहेत. हसल्या बिचाऱ्या. पण कॅप किंवा व्हिनियर फुटलं असतं तर बहुतेक नवीनच करावं लागलं असतं. इथं जुना मसाला खरखरीत करून त्यावरच नवीन लावला, पाऊण तासात काम झालं. हे मला बाँडिंगचं सगळ्यात मोठं बलस्थान वाटतं. आता कात्री मशीनच्या पायाला दोरीनं बांधलेली आहे. दुधाची पिशवी, बोराची आठोळी, आख्खा पेरू, सगळं पुढच्या दातांना बंद. पेरूच्या फोडी करून खाते आणि मनातून चरफडते.

डाग: शंभरात साठ गुण. तपकिरी पूर्ण गेला. डाव्या दातावरचा एक पांढरा ढग ट्यूबलाइटखाली अजून दिसतो. तो झाकायला अपारदर्शक थर जाड लावावा लागला असता आणि दात भिंतीसारखा दिसला असता. मी नको म्हटलं. ज्यांचे डाग खोल आहेत, एनॅमलला खड्डे आहेत, त्यांनी फक्त बाँडिंगवर भिस्त ठेवू नये.

रंगाबद्दल खरं सांगायचं तर हळद हा चहापेक्षा मोठा शत्रू निघाला. आमच्याकडे रविवारी सावजी रस्सा असतो. सहाव्या महिन्यात दात आणि मसाला यांच्या सांध्यावर केसाएवढी पिवळी रेघ दिसायला लागली. जेवल्यावर लगेच खळखळून चूळ भरते तेव्हापासून कमी आहे. हळदीचा रंग उन्हानं उडतो हे साडीच्या बाबतीत आपल्याला माहीत असतं. दात उन्हात वाळत घालता येत नाहीत, एवढीच अडचण. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पॉलिश करून घेतलं, दर खेपेला ८०० रुपये, रेघ गेली आणि चकाकी परत आली. कोळशाची पेस्ट, राखुंडी, मिश्री यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत रंग बसतो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉशही डाग पाडतो, तो मला दाढ काढल्यावर एकदा मिळाला होता तेव्हा विचारून लवकर बंद केला.

खर्च तीन दातांचा १३,५००, डाग आणि ब्लीचिंगचे वेगळे ६,०००. विम्यातून एक रुपया मिळाला नाही, हे सौंदर्याचं काम धरतात. आणि एवढ्यावर संपत नाही: पाच ते सात वर्षांनी पुन्हा करावं लागेल हे धरूनच चाला. एक खर्च माझ्या हिशेबात नव्हता. ‘रात्री तू दात खातेस, करकर आवाज येतो,’ असं यांनी डॉक्टरांसमोरच सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला पहिल्यांदा कळलं. मग नाइट गार्ड आला, रात्री दातांवर घालायचं आवरण. त्याच्याशिवाय नव्या कडा टिकल्या नसत्या.

दिवाळीत गावी गेले तर आजी हनुवटी धरून म्हणाली, ‘काहून वं पोरी, फट बुजवली? लक्ष्मी तिथूनच येते ना!’ तिच्या मते माझी नोकरी, फ्लॅट, सगळं त्या दोन मिलिमीटरचं देणं.

ताईची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही तशीच फट आहे. ताई म्हणे, हिचं आत्ताच करून टाकू, पुढं चिडवाचिडवी नको. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी साफ नाही सांगितलं: या वयात समोर फट असणं बऱ्याचदा स्वाभाविक असतं, अकरा-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरताना ते पुढच्या दातांना एकमेकांकडे ढकलतात आणि पुष्कळदा ती आपोआप मिटते, उरलीच तर तेव्हा बघू. ताईला अजून पटलेलं नाही. आजीला लगेच पटलं, पण तिचं कारण वेगळं.