नाटकाला कुठे बसावं: आठ महिने खुर्च्या बदलून पाहिल्यावर

गणपती झाल्यावर ठरवलं, दर पंधरा दिवसांनी आईला नाटक दाखवायचं. आई ७४ वर्षांची, उजवा गुडघा धड वाकत नाही, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पुण्यात बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, एकदा मुंबईला पृथ्वी, असे सोळा प्रयोग झाले.

सुरुवातीला मीही पहिल्या रांगेचाच भक्त. तीन प्रयोगांत भक्ती उतरली. रंगमंच साधारण साडेतीन फूट उंच आणि खुर्चीत बसल्यावर आपली नजर जेमतेम चार फुटांवर. त्यामुळे कोण पुढे उभं आहे, कोण मागच्या दारापाशी, हे अंतरच कळत नाही. एका नाटकात नायिका सोफ्यामागे जमिनीवर बसून रडत होती. सगळीकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि आई मला विचारतेय, "ही गेली कुठे?"

कडेच्या खुर्च्यांची गंमत वेगळी. दिवाणखान्याचा सेट असेल तर आपल्या बाजूचा मागचा कोपरा गुल, पण समोरच्या विंगेतलं सगळं दिसतं. खलनायकाला एन्ट्रीआधी घटाघटा पाणी पिताना आणि रंगमंचाला नमस्कार करताना पाहिलं. मग त्याची कसली डोंबलाची भीती वाटणार!

बाल्कनीत मी एकटाच गेलो, जिना आईला झेपणारा नव्हता. समूहनृत्याच्या कार्यक्रमाला वरची जागा झकास, कलाकारांच्या रांगा-वर्तुळं नीट दिसतात. फक्त पहिल्या ओळीत कठडा नजरेच्या आड येतो का, ते बसून बघा; माझ्या आला. दोन पात्रांच्या नाटकाला मात्र वर जाऊ नका, चेहरेच हरवतात.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या रांगा. वरचं छत इतकं खाली येतं की आवाज दबतो. एका नाट्यगृहात (नाव नको) आम्ही तिथे बसलो. बाहेर पडताना आई म्हणाली, "मला नुसत्या टाळ्या ऐकू आल्या."

संगीत नाटकाला पुढच्या कोपऱ्यात तबल्याखाली शब्द दबले, असं माझं मत. आईला तीच जागा सर्वांत आवडली, तेव्हा ते सोडून देतो. पृथ्वीत हा घोळच नाही: जेमतेम दोनशे खुर्च्या, त्याही रंगमंचाच्या तीन बाजूंनी. तिथे लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं आणि समोरची बाजू पकडायची, एवढंच.

तिकीट काढताना मोबाइलवरच्या नकाशात ना उतार दिसतो, ना बाल्कनीचं छत. म्हणून मी अजून खिडकीवर जाऊन प्लॅन बघतो. तिकिटाचे दर रांगांच्या पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात, त्यामुळे महागडी पट्टी संपते तिच्या लगेच मागची रांग मागायची. एका रांगेच्या फरकाने शंभर-दीडशे रुपये वाचतात.

शेवटी आईची जागा सापडली: सातवी-आठवी रांग, डाव्या गटातली वाटेलगतची खुर्ची. चांगला उजवा कान रंगमंचाकडे, दुखरा उजवा पाय वाटेत लांब. त्रास एकच, मध्यंतरानंतर बटाटेवडा संपवून उशिरा येणारे त्याच पायावरून जातात. तरी परवा ती खुर्ची मिळेना, तर आईने मला खिडकीवरून परत फिरवलं आणि पुढच्या रविवारचं तिकीट काढायला लावलं.