साऊंडबारचा आवाज येईना म्हणून माणूस बोलावला, ४९०० रुपये घेऊन गेला

बाबांच्या बाबतीत घडलंय हे. घरी आईवडील दोघंच राहत असतील तर त्यांना नक्की वाचून दाखवा.

बाबा ७२ वर्षांचे, पुण्यात आई आणि ते दोघंच असतात. त्यांना ऐकायला जरा कमी येतं म्हणून गेल्या दिवाळीत मी नवीन ४३ इंची फोरके टीव्ही आणि सोबत साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेऊन दिला. टीव्ही कंपनीचा माणूस भिंतीवर लावून गेला, साऊंडबार मी रविवारी जाऊन जोडणार होतो पण बाबांना तेवढा धीर नाही, त्यांनी घरातली जुनी एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी) काढून स्वतःच जोडला. आवाज काही बारमधून येईना. मग नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो दिसला तो लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच.

तासाभरात एक मुलगा आला, गळ्यात आयकार्ड, बोलायला एकदम गोड. केबल हातात घेऊन म्हणाला, "काका, ही जुनी १.४ ची आहे, आता सगळं २.१ वर गेलंय, हीच ठेवलीत तर टीव्हीचा पोर्ट उडेल." १.४, २.१ हे एचडीएमआयच्या आवृत्त्यांचे आकडे. नवीन टीव्हीचा पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, उडेल म्हटल्यावर कोणीही घाबरेल, आणि बाबांना ते पटायला कारणही होतं. ३१ मार्च २०१३ ची मुदत त्यांना अजून आठवते, सेट टॉप बॉक्स घ्या नाहीतर चॅनल बंद असं पुण्यात सांगितलं होतं आणि तसंच झालं. मग पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी गेल्या, एचडीएमआय आली. दरवेळी जुनं खरोखरच बाद झालेलं त्यांनी पाहिलंय, मग याच वेळी अविश्वास का दाखवतील?

त्याने एक केबल साऊंडबारला लावली आणि एक सेट टॉप बॉक्सलाही. २२०० ची एक, व्हिजिटचे ५०० वेगळे. पैसे यूपीआयने त्याच्या स्वतःच्या नंबरवर, बिल "मेसेजवर येईल काका". बॉक्सची जुनी केबल भंगारात टाकतो म्हणून घेऊन गेला, दुसरी आईने दिली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्या एका केबलमुळेच सगळं कळलं.

जानेवारीत आवाज मधेच तुटायला लागला. मी गेलो, नवी केबल काढली आणि तात्पुरती म्हणून ड्रॉवरमधली जुनी लावली तर आवाज लगेच, स्वच्छ. मोबाईलचा टॉर्च मारून टीव्हीच्या मागे बघितलं, केबल २ नंबरच्या पोर्टमध्ये होती आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं. विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा कुठे लावली होती?" म्हणाले, "वरच्यात." म्हणजे १ नंबरमध्ये. त्या मुलाने केबल बदलताना गुपचूप पोर्टही बदलला आणि आवाज आल्याचं श्रेय २२०० च्या केबलला दिलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्याला दोष काय आहे ते बरोबर माहीत होतं.

टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधून उलटा साऊंडबारकडे पाठवायची सोय म्हणजे एआरसी, ती २००९ च्या १.४ पासूनच आहे, आणि बहुतेक टीव्हीत ती एकाच पोर्टला असते. टीव्हीतलीच ॲप बघत असाल तर साऊंडबारच्या केबलमधून चित्र जातच नाही, फक्त आवाज. सेट टॉप बॉक्सच्या एचडी चित्रालाही जुनी हाय स्पीड केबल पुरून उरते. ४८ जीबीपीएसची (सेकंदाला ४८ गिगाबिट डेटा नेणारी) अल्ट्रा हाय स्पीड केबल लागते ती आठके बघणाऱ्यांना किंवा फोरकेत १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, गेम खेळणाऱ्यांना.

आणि ती केबल तरी खरी होती का, तर नाही. पाकिटावर सोनेरी अक्षरात २.१ आणि ८के, वायरवरची छपाई नखाने खरवडली तर निघून आली. बहिणीकडे भाच्याचा गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ आहे, तिथे फोरकेत १२० हर्ट्झवर लावून बघितली तर स्क्रीन काळी व्हायची, प्लेस्टेशनसोबत आलेली केबल मात्र नीट चालली. खऱ्या अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पाकिटावर क्यूआर कोडचं लेबल असतं, ते एचडीएमआयवाल्यांच्या ॲपने स्कॅन करून तपासता येतं. नुसता २.१ छापलेला बघून घेऊ नका. २०२५ मध्ये २.२ पण आलंय, ९६ जीबीपीएसचं, त्यामुळे आता "काका, २.२ लागेल" म्हणणारे येणार हे धरूनच चाला. नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरचाच, आणि केबल विकत घेण्याआधी जुनीच केबल एआरसीच्या पोर्टला लावून बघा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज एचडीएमआयवर आहे ना तेही बघा.

त्या मुलाचा नंबर आता बंद लागतो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय, पैसे अजून मिळालेले नाहीत. हे सगळं समजावून झाल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग तेव्हा २०१३ ला बॉक्स घेतला, तोही उगाचच का रे?" तो खरंच लागत होता हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं.