भूमिगत गटार की शोषखड्डे? ठरावाआधी गावाची जमीन उकरून पाहा

घरोघरी नळ आला तसं आमच्या विदर्भातल्या गावांतलं सांडपाण्याचं गणितच बदललं. हातपंपावरून चार गुंड पाणी आणून भागवणाऱ्या घराला जल जीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज ५५ लिटर धरलेलं आहे. त्यातलं साधारण ८० टक्के न्हाणीतून, मोरीतून परत बाहेर येतं. ४,००० वस्तीच्या गावात म्हणजे रोज पावणेदोन लाख लिटर. ते नालीत जातं, नाली गावाबाहेरच्या नाल्यात नाहीतर बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उतरते, आणि मग ग्रामसभेत कोणीतरी उठून म्हणतं, "तालुक्याले झाली तशी आपल्या गावातबी भूमिगत गटार करा."

हात वर करून ठराव पाच मिनिटांत होतो. मी सहा वर्षं गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत होते. ज्या सरपंचताईंना, सदस्यांना हा निर्णय आता घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक भेद पक्का करा. न्हाणीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी वेगळं आणि संडासाचं मैलापाणी वेगळं. गावात ही दोन पाणी अजून बऱ्याच अंशी वेगळी आहेत, हीच आपली जमेची बाजू. भूमिगत गटार दोन्ही एकत्र करते आणि मग सगळ्याच पाण्यावर महागडी प्रक्रिया करावी लागते.

गटारीच्या पाइपातून घाण स्वतःहून वाहून जायला पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग लागतो. म्हणून जिथे गटार आहे त्या शहरासाठी माणशी १३५ लिटर पुरवठा धरतात, गटार नसलेल्या शहरासाठी ७०. आपल्याकडे ५५, तेही कागदावर. उन्हाळ्यात नळ दोन-तीन दिवसांआड येतो तेव्हा पाइपात उरतो तो गाळ. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाचे सांधे हलतात. पावसाचं पाणी आत शिरतं, मैला बाहेर झिरपतो.

प्रक्रिया केंद्राचं तर आणखी अवघड. हवा भरणारे पंप दिवसरात्र चालावे लागतात. वीजबिल, ऑपरेटर, दुरुस्ती हे सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. आणि केंद्र बंद पडलं तर आजवर घराघराच्या खड्ड्यात विखुरलेला गावभराचा मैला एकाच जागी नाल्यात पडतो. नागपूरसारख्या शहराची घाण नाग नदीतून कन्हान, वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचली, ती एवढी मोठी महापालिका असताना. त्याच नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हेही खरं. पण तिथे पाणी घेणारं गिऱ्हाईक आहे. आपल्या चार हजारांच्या गावाला असं गिऱ्हाईक कुठून मिळणार?

कायद्याचंही पाहा. १९७४ चा जलप्रदूषण कायदा ग्रामपंचायतीला वगळत नाही. गटारीचं पाणी नाल्यात सोडायचं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला लागणाऱ्या प्राणवायूचं माप, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांबाहेरच्या केंद्रांसाठी तो ३० च्या आत आणायला सांगितलं आहे. केंद्र दोन महिने बंद राहिलं तर उत्तर सरपंचाला द्यावं लागेल.

मग गटार कोणी करावी? वीस-पंचवीस हजारांची नगर परिषद, दाटीची वस्ती, अंगण नाही, पाणी भरपूर, तिथे तिला पर्याय नाही. तिथेही जागा असेल तर पंपांऐवजी स्थिरीकरण तळी मागा, म्हणजे ऊन-वाऱ्यानं सांडपाणी आपोआप शुद्ध होणारी उथळ तळी. विदर्भाचं ऊन अशा तळ्यांना मानवतं. विजेविना चालतात, मात्र काठावरचं गवत आणि तण काढत राहावं लागतं, नाहीतर डास होतात.

आता शोषखड्डा. नांदेड पॅटर्नची, म्हणजे घरोघरी शोषखड्डे खणून गाव नालीमुक्त केल्याची, गोष्ट ऐकून आमच्याही गावात सरसकट खड्डे खणले. अर्ध्या घरी पहिल्याच पावसाळ्यात पाणी उलटं न्हाणीत आलं. लोकांनी खड्डे बुजवून पाइप पुन्हा नालीत सोडला, आणि "हे काही आपल्याकडे चालत नाही" असा शिक्का बसला. चूक खड्ड्याची नव्हती. आम्ही जमीनच पाहिली नव्हती. यवतमाळ-वर्ध्याच्या बऱ्याच भागात काळ्या मातीखाली मुरूम लागतो. खड्डा मुरमापर्यंत नेला की पाणी मुकाट्यानं जिरतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात चिकण माती इतकी खोल की मुरूम लागतच नाही, तिथे खड्ड्याचा आग्रह धरू नका. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या पट्ट्यात श्रावणात पाण्याची पातळी हाताला लागते, तिथे खड्डा उन्हाळ्यात चांगला आणि पावसाळ्यात भरलेला.

जिथे जमीन पिते तिथे मात्र याच्याइतका स्वस्त आणि टिकाऊ उपाय मला दिसलेला नाही. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा, आत दगड, आणि आधी छोटी गाळटाकी जाळीसह. राखेनं भांडी घासणाऱ्या घरात ही गाळटाकी आठवड्यातून एकदा उपसावीच लागते, नाहीतर राख आणि ओशट मिळून दगडांवर थर धरतो. खर्चापेक्षा ही सवय लावणं कठीण, पण आशाताई आणि बचत गटाच्या बाया हाताशी धरल्या की जमतं. साचलेल्या घाण पाण्यातच क्युलेक्स डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. पूर्व विदर्भात सुजलेले पाय पाहिलेल्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही.

उघडी नाली हवी ती पावसाच्या पाण्यासाठी. जुन्या गावठाणात, जिथे खड्ड्याला जागाच नाही, तिथे तेवढ्याच गल्ल्यांपुरती झाकलेली नाली करा आणि शेवटी कर्दळ लावलेला खडीचा वाफा किंवा तळं. उतार स्वतः उभं राहून मोजून घ्या. आमच्या एका गल्लीत ठेकेदारानं उतार उलटा दिला, आणि आजही दर पावसाळ्यात पाणी त्याच तीन घरांत शिरतं.

सगळ्यात मोठा धोका मला दिसतो तो संडासाच्या टाक्यांचा. सेप्टिक टँकमधून निघणारं पाणी स्वच्छ नसतं. त्याचा पाइप नालीत सोडला की ती नालीच उघडी मैलागटार होते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, पण उलटून येईपर्यंत कोणी झाकण उघडत नाही. मग टँकर बोलावतात आणि तो रात्री कोणाच्या तरी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) नाहीतर नाल्यात रिकामा होतो. वाई आणि सिन्नरच्या नगर परिषदांनी यावर तोडगा काढला: दर तीन वर्षांनी पाळीपाळीनं प्रत्येक टाकीचा उपसा आणि त्यासाठी स्वच्छता कर. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य कराचा रकाना आधीच आहे. तो पैसा याला लावता येतो. टँकर आणि मैला-गाळ प्रक्रिया केंद्र मात्र एकट्या गावानं करू नये, शेजारची गावं आणि तालुक्याची नगरपंचायत मिळून करावं. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला वायू क्षणात जीव घेतो. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये केली, पण त्या घरातला माणूस पैशानं परत येत नाही.

नवीन संडास असेल तर सेप्टिकपेक्षा दोन शोषखड्ड्यांचा संडास घ्या. एक भरला की दुसरा सुरू, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत वास नसलेलं सोनखत. एकच खोल खड्डा खणणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. त्यातला मैला थेट विहिरीच्या झऱ्यात जाऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात मैल्यातून येणारं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तान्ह्या लेकराला धोका असतो. विहिरीपासून किमान दहा मीटर सोडा, आणि खड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातलं पाणी दोन मीटर तरी दूर हवं.

पैशाचा हिशेब: स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, त्यावरच्या गावाला ६६० रुपये धरले. यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. ४,००० वस्तीला ११ लाख २० हजार. एवढ्यात शोषखड्डे आणि गावठाणाची नाली बसते, गटार आणि प्रक्रिया केंद्र बसत नाही.

म्हणून पाच हजारांखालच्या गावाला माझं स्पष्ट मत: गटार नको. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या. संडासाचा पाइप नालीत सोडणाऱ्याला आधी नोटीस, मग दंड, आणि ही नोटीस पहिल्यांदा सदस्यांच्या घरी लागू. नव्या बांधकामाला परवानगी शोषखड्ड्याची जागा नकाशावर दाखवल्यावरच. गावातल्या प्रत्येक टाकीची नोंदवही, शेवटच्या उपशाच्या तारखेसह.

आणि त्याआधी गावात दहा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि घड्याळ लावून बसा. इंचभर पाणी उतरायला तासाहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा नाही. हे एकदा मे महिन्यात करा आणि एकदा पोळ्याच्या सुमाराला.