वॅगनला गंज चढवायचाय? व्हॅलेहोची पिगमेंट पावडर घ्या

भुसावळला राहून रेल्वेचे मॉडेल रंगवणाऱ्याला गंज आणि धूळ बघायला लांब जावं लागत नाही, दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा नेणारी बॉक्सएन वॅगन (वरून उघडी मालवाहू वॅगन) नीट बघा, वर कोळशाचं काळं आणि खाली बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस थर. हाच थर १:८७ च्या (खऱ्याच्या ८७ पट लहान) मॉडेलवर पाहिजे असेल तर माझं मत व्हॅलेहो कंपनीच्या पिगमेंट पावडरला. ३५ मिलीची बाटली, आत निव्वळ कोरडी पावडर, आणि एका वॅगनला चिमूटभरच लागते म्हणून संपता संपत नाही. ओल्ड रस्ट, फ्रेश रस्ट, कार्बन ब्लॅक, सुरुवातीला हे तीन रंग बस झाले.

तामिया कंपनीची वेदरिंग मास्टर ही जुनाट रूप द्यायच्या रंगाची डबी पण चांगली हाय, मेकअपच्या कॉम्पॅक्टसारखी, स्पंजने कडा आणि रिव्हेट घासायला एकदम झकास, पण मोठ्या पत्र्यावर पट्टे दिसतात.

एक ध्यानात ठेवा भो, पावडरमध्ये चिकटणारं काहीच नसतं, म्हणून खाली मॅट वार्निश पाहिजेच, चकचकीत रंगावर ती टिकत नाही. आणि वरून वार्निशचा स्प्रे मारला की रंग फिका पडतो, त्यापेक्षा पिगमेंट फिक्सर (पावडर चिकटवणारं द्रव) ब्रशच्या टोकाने नुसता टेकवा, आपोआप पसरतो. मास्क लावा, आणि कूलरसमोर बाटली उघडू नका.

आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीसाठी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी पावडरमध्ये थोडा कार्बन ब्लॅक मिसळा, चाकांवर फार सुंदर दिसतं.